सीतादह्याचं विरजण

सीतादही म्हणजे काय, ते आमच्या काकूले विचारू नका. कापूस वेचायच्या आधी नांगराच्या रेघेले, म्हणजे सीतेले, दहीभात दाखवायचा अन् दह्यासारखा पांढरा कापूस मागायचा, एवढीच ती जुनी रीत. पण त्या वर्षी बोंडअळीनं राळेगावच्या आमच्या वावरात एक बोंड सोडलं नव्हतं. तरी काकू दहीभात घेऊन निघाली, अन् डोक्यावर काकांची गादी! वावरात जाऊन तिनं गादी फाडली अन् त्यातला कापूस झाडांवर चिकटवू लागली.

काका धावत आले. "अवं, हे काय करून राह्यली?"

"दही कशानं लागते?"

"विरजणानं."

"मंग कापसाले नको काय विरजण?"

काकांनी फाटलेल्या गादीकडे पाहिलं. "पण विरजण चमचाभर पुरते न! उशी फाडली असती तं जमलं नसतं काय?"