सीटची उंची

थोरली : म्हणजे गाडी चालू नव्हती.

धाकटा : इंजिन चालू होतं.

थोरली : मी चाकांबद्दल विचारतेय, टिल्लू. चाकं फिरत होती का?

धाकटा : काटेकोर बोलायचं तर, त्या क्षणी नाही.

थोरली : छान. म्हणजे माझा भाऊ डोंगर पालथे घालायला गेला आणि उभ्या गाडीवरून पडून घोटा मोडून आला. आणि मी गेले तीन आठवडे दवाखान्यात येईल त्याला सांगतेय की रानात अपघात झाला, थोडक्यात वाचला. पेशंटचं तोंड उघडं असतं म्हणून बरं, नाहीतर चार प्रश्न विचारले असते.

धाकटा : तू अर्धाच किस्सा ऐकलायस, ताई.

थोरली : मग उरलेला सांग. मी तेवढ्यासाठीच आलेय. पायाखाली अजून एक उशी घे आणि पहिल्यापासून सांग. ही असली गाडी म्हणजे नक्की काय असतं, तिथून.

धाकटा : अ‍ॅडव्हेंचर बाईक म्हणजे उंच गाडी. रुंद हँडल, पुढे चोच, खड्डे पचवणारे शॉक अ‍ॅब्झॉर्बर. मोठ्या इंजिनाच्या असतात त्या फार जड आणि महाग. माझी लहान इंजिनाची. दिसायला तशीच, पण हलकी, पेट्रोलही बेताचं पिते.

थोरली : रुबाब थोरल्याचा, दम धाकट्याचा. तुला का आवडली ते कळलं. बरं, तू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतोस. घरापासून कॉलेजपर्यंत कुठली दरी लागते?

धाकटा : गतिरोधक आहेत.

थोरली : अरे बापरे.

धाकटा : मी रोजच्यासाठी घेतलीच नव्हती. माझे दोन मित्र, कंत्राटदार आणि हाडांचा डॉक्टर, दोघांकडे मोठ्या गाड्या आहेत. दर सुट्टीत फोटो टाकायचे. आम्ही तिघं एका बाकावर बसायचो शाळेत. मी फक्त अंगठा दाखवत राहायचो फोनवर. त्या दोघांनीच सुचवलं, तू लहान घे, तुला मोठी कशाला.

थोरली : किती समजूतदार मित्र. आणि दुकानात त्या गाडीवर बसून बघितलं होतंस ना?

धाकटा : बसलो होतो. पायाचे अंगठे टेकत होते. विक्रेता म्हणाला, सर, सवय होते.

थोरली : कशाची? उंच व्हायची?

धाकटा : हसून घे. आम्ही तिघं निघालो, मोठा रस्ता लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्या दोघांनी वेग घेतला आणि पाच मिनिटांत ठिपके झाले. माझी गाडी शंभराच्या पुढे नेली की थरथरते. हात बधिर. ट्रकवाले बाजूने जाताना माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच त्यांच्या वाटेत चुकून आलोय. मी हॉटेलात पोचलो तेव्हा यांचं जेवण उरकून दात कोरणं चाललं होतं.

थोरली : त्या दोघांनाही दाढा साफ करायला पाठव माझ्याकडे. पुढे?

धाकटा : पुढे डांबर संपलं. वाट कोरड्या नदीतून जात होती. नुसती वाळू. कंत्राटदार शिरला आणि त्याचं मागचं चाक निम्मं गाडलं गेलं. डॉक्टर त्याला वळसा घालायला गेला तो आडवाच झाला. एकेक गाडी उचलायला दोन-दोन माणसं. एक उभी करावी तर दुसरी कलंडतेय. आणि मी, ताई, मी मधून गेलो. फूटरेस्टवर उभा राहून, गाडी हलू देत, जशी जाते तशी जाऊ देत. बुडालीच नाही. पलीकडे निघालो.

थोरली : खरंच?

धाकटा : खरंच. मला तर वाटतं, त्या दोघांच्या पुढे मी शाळेपासून कधी नव्हतो.

थोरली : मग पडलास कुठे?

धाकटा : पलीकडे गेल्यावर. मागे वळून त्यांना हात दाखवावा म्हणून थांबलो. डावा पाय खाली टाकला. त्या बाजूला उतार होता. जमीन जिथे असायला हवी होती तिथे ती नव्हती.

थोरली : जमीन होती रे तिथेच. पाय पोचला नाही.

धाकटा : हेच डॉक्टरही म्हणाला. तो पळत आला, घोट्याला काठी बांधली, पण हसू आवरेना म्हणून गाठ तीनदा सुटली. नंतर एक टेम्पो मिळाला. त्यात मागे गाडी आणि गाडीशेजारी मी.

थोरली : या सगळ्याचा अर्थ काढायला संख्याशास्त्र लागत नाही. माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक वकील बसतो. उंच आहे, तरुण आहे, अशीच गाडी शोधतोय. त्याला देऊन टाक. तू तुझी जुनी स्कूटर घे, दोन्ही पाय जमिनीवर आणि डोकं ठिकाणावर.

धाकटा : विकायची नाही. मेकॅनिकशी बोललोय. तो उद्या गाडी नेणार आहे. मागचा शॉक बदलून गाडी खाली बसवतो आणि सीटचा फोम तासून देतो. चार बोटं तरी उतरेल.

थोरली : मग खड्डे कोण पचवणार?

धाकटा : थोडे मी पचवीन.

थोरली : शाबास. उंच गाडी घ्यायची आणि मग तिचे पाय कापायचे. आहे कुठे ती? मी येताना खाली दिसली नाही. तुझी जुनी स्कूटर तेवढी धूळ खात उभी आहे.

धाकटा : ऑफिसला गेलीय.

थोरली : गाडी?

धाकटा : बायको. गाडीवर.

थोरली : आणि हे मला तू आत्ता सांगतोयस.

धाकटा : तिच्या प्रयोगशाळेची जीप काढून घेतली. पाण्याचे नमुने आणायला गावोगाव जायचं, आणि रस्ते सगळे खणून ठेवलेत. स्कूटर दोनदा चिखलात रुतली. मी पडलो त्याच आठवड्यात हिने चावी उचलली. विचारलंन, नाही असं नाही. मी म्हटलं, तुला झेपणार नाही. तर म्हणाली, बघते.

थोरली : झेपली?

धाकटा : रोज सकाळी खिडकीतून दिसते. पाय वर करून बसायला हीच एक जागा आहे घरात, म्हणून दिसते. पाय टाकते, बसते, दोन्ही तळवे सपाट जमिनीवर. वर गुडघे जरा वाकलेलेसुद्धा. त्या कंपनीने तिचं माप घेऊन गाडी बनवल्यासारखी.

थोरली : आणि म्हणून उद्या मेकॅनिक येतोय.

धाकटा : मेकॅनिकचं आधीच ठरलं होतं.

थोरली : टिल्लू, तुमच्या लग्नाचा फोटो आहे ना तो, माझ्या हॉलमधला. पायऱ्यांवरचा. त्यात ती तुझ्याहून एक पायरी खाली का उभी आहे?

धाकटा : फोटोग्राफरने सांगितलं असेल.

थोरली : फोटोग्राफरला तू सांगितलंस. मी शेजारीच होते. त्यानंतर मी तिला कधी टाच असलेल्या चपलेत पाहिलं नाही. मी एकदा भेट दिली होती, छान होती, लाल. तिने ती माझ्याच मुलीला देऊन टाकली.

धाकटा : मी कधी तिला चपलेबद्दल बोललो नाही.

थोरली : नाही ना. तू कशाला बोलशील.

(दार उघडतं. कोणीतरी हेल्मेट टेबलावर ठेवतं.)

बायको : ताई, कधी आलात? बसा, बसा. मला हात धुऊ द्या आधी, कोपरापर्यंत माती आहे. याने चहा केला नाही ना तुमच्यासाठी? एका पायावर करतो तसा, मूड असला की.

थोरली : तो मला त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत होता. तू कुठून आलीस अशी?

बायको : ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून. तिथली विहीर आमच्या यादीत होती, पण वर्षभर आम्ही तिच्यापुढे 'रस्ता नाही' एवढंच लिहीत होतो. जीप जायची नाही, स्कूटर तर नाहीच. ही गाडी गेली. हळूहळू, दगडांवरून, पण गेली. गेल्या आठवड्यात नमुना आणला तर अगदी वाईट निघाला. तिथली पोरं पोटदुखीने आजारी होती, आणि सगळ्यांना वाटत होतं हवा बदलली म्हणून. आज विहिरीवर झाकण घातलं आणि टँकर पोचवला.

थोरली : टँकर कसा गेला मग?

बायको : मी पुढे, टँकर मागे. आमच्या लोकांनी कालच ओढ्यात मुरूम टाकून ठेवला होता. तरी कुठे चाक घालायचं ते मी थांबून थांबून दाखवत होते. ड्रायव्हर वैतागला होता. शेवटी म्हणाला, बाई, तुम्ही थांबताय तिथे मला थांबता येत नाही.

धाकटा : तू थांबलीस? उतारावर?

बायको : थांबावंच लागतं ना. पाय टाकायचा नि थांबायचं. वस्तीवर एका आजींनी विचारलं, गाडी कोणाची. म्हटलं, नवऱ्याची. तो कुठाय मग? म्हटलं, गाडीवरून पडलाय. फार मान दिला त्यांनी तुला. मला पाणीसुद्धा विचारलं, पण ते नको म्हटलं मी.

थोरली : ऐकतोयस ना, मान.

बायको : बरं, तुझ्या मेकॅनिकचा मला फोन आला होता. गाडी कुठे आहे, खाली करायला उद्या किती वाजता न्यायला येऊ म्हणून. मी म्हटलं, मालकाला विचारा.

धाकटा : मी सांगणारच होतो तुला.

बायको : कर ना खाली. गाडी तुझी आहे. पाय टेकले पाहिजेत तुझे, नाहीतर पुन्हा पडशील. ओढ्यात खालून दगड घासतील, तेवढं मी जपून काढीन. बाकी गुडघे मुडपून चालवीन मी. मला सवय आहे.

थोरली : मी चहा टाकते.

बायको : अहो ताई, मी करते, तुम्ही बसा.

थोरली : नाही, मी टाकते. साखर कुठे आहे तेवढं सांग.

बायको : वरच्या फडताळात. हात पोचणार नाही तुमचा. थांबा, देते काढून.

धाकटा : फोन देतेस माझा? तो, टीव्हीपाशी. हां. ... हॅलो, मी बोलतोय. ती गाडी खाली करायची होती ना, ती नको करू. ... नाही, विकली नाही. ... नाही रे, पैशांचं काही नाही. मोजमाप चुकलं होतं. ... गाडीचं नाही. तू नको येऊ उद्या. आलासच तर चेनला तेल घालून जा, ती रोज वापरात आहे.

थोरली : आणि माझ्या वकिलाला काय सांगू? तो दिवसातून दोनदा जिना उतरून विचारतोय.

धाकटा : सांग, अशी गाडी सगळ्यांसाठी नसते. आधी बसून बघ म्हणावं. आणि मित्र मोठ्या गाडीवाले असतील तर मित्र बदल.

थोरली : हा सल्ला मी स्वतःच्या नावावर देईन. साखर मिळाली गं, ठेव. तू बस आता.

बायको : मोजमाप चुकलं म्हणजे?

धाकटा : म्हणजे चुकलं. मी विषय शिकवतो, तरी चुकतं. त्या विहिरीकडे पुन्हा कधी जायचंय तुला?

बायको : महिन्याभराने. फेरतपासणी असते.

धाकटा : तोवर प्लास्टर निघेल. मागची सीट कशी आहे?

बायको : मला काय माहीत, मी कधी मागे बसले नाही. अरुंदच दिसते. आणि वाट फार खराब आहे, सांगून ठेवते.

धाकटा : चालेल. मागे बसणाऱ्याने काय करायचं असतं?

बायको : धरून बसायचं. आणि कुठून वळायचं ते सांगायचं नाही.