पालखी थांबते ती घरं

(रत्नागिरीतल्या एका कॉलेजात, सभागृहामागची खोली. योगिनी इथली प्राध्यापक; थोड्याच वेळात तिचं जाहीर व्याख्यान आहे. मंडणगडाकडच्या गावाहून तिची जनी काकी ते ऐकायला आली आहे.)

जनी काकी: म्हंजे आपल्या गावाचा नाव तू सगळ्यांसमोर घेणार?

योगिनी: त्याच्यावरच तर बोलणार आहे. आजूबाजूची गावं ओस पडली, आपलं तेवढं भरलेलं राहिलं. ते कसं, हे लोकांना ऐकायचंय. उद्या मतदारसंघ नव्याने आखले, तर जिथे माणसं कमी तिथला आवाजही कमी.

जनी काकी: बरा झाला. तुझ्या कॉलेजातली पोरा माणसा मोजायला आली, तेव्हा त्यांना घरोघर मीच फिरवला हो.

योगिनी: तेच विचारायचं होतं. बाबल्याकाकांच्या घरात पाच माणसं सांगितलीस. पण फोटोत दाराला कुलूप दिसतंय.

जनी काकी: भात लावायला गेली असतील.

योगिनी: मार्चमधल्या फोटोत?

जनी काकी: बरा बाय, मुंबयला हायत.

योगिनी: कधीपासून?

जनी काकी: त्याची मुलगी तिकडंच जन्मली. आता तिचा लगीन पण झाला.

योगिनी: काकी, आणि तू त्यांना गावात धरलंस?

जनी काकी: मग कुठं धरू? शिमग्याला देवाची पालखी त्यांच्या दारात थांबते ना?

योगिनी: बंद दारात कशी थांबेल?

जनी काकी: बंद कशाला? चाव्या माझ्याकडं असतात. आदल्या दिवशी उघडतंय, केर काढतंय, दिवा लावतंय. पालखी आली की ताट घेऊन उभी राहतंय. मग मागच्या पायवाटेनं पुढच्या घरात. गुरव हसतो, पण थांबतो माझ्यासाठी. ज्या दारात पालखी थांबली, ता घर नांदता.

योगिनी: अशी किती घरं आहेत गं?

जनी काकी: खालची वाडी आख्खी. वरच्या वाडीत थोडी माणसा हायत.

योगिनी: म्हणजे गाव टिकलेलंच नाही. माझं सगळं व्याख्यान तुझ्या एकटीच्या धावपळीवर उभं आहे.

जनी काकी: माझा चुकला काय गो?

योगिनी: तुझं कसलं? मी रत्नागिरीत बसून मुलांना पाठवलं. आता खरं तेच सांगावं लागेल. खालची वाडी काढते. आपल्या विनोदचं नावही निघेल. विरारला राहतो, मतही तिथेच देतो.

जनी काकी: विनोदला पण? माझा पोटचा मुलगा ना तो?

योगिनी: काकी...

जनी काकी: काढ. आणि गणपतीनंतर मला पण काढ. सुनेला नोकरी लागली, नातीकडं बघायला माणूस नाय. तो न्यायला येतोय.

योगिनी: तुला जायचंय?

जनी काकी: नातीची ओढ हाय गो. पण गाव सोडायचा म्हटला की चाव्या मोजत बसतंय.

योगिनी: मग पुढच्या शिमग्याला दारं कोण उघडणार?

जनी काकी: त्याच्यासाठी तर आले. तुझा भाषण मला काय कळायचा?

योगिनी: मला विचारायला आलीस? मी किती वर्षांत शिमग्याला आले नाही.

जनी काकी: ठाव हाय.

योगिनी: थांब. बाबा गेल्यापासून आमचं घरही बंदच आहे. तिथे मुलांना कुणाचं नाव सांगितलंस?

जनी काकी: तुझा.

योगिनी: अगं, मग सगळ्यात आधी तेच काढायला हवं. मीच तिथे राहत नाही आणि माणसं गाव का सोडतात ते मी लोकांना सांगणार.

जनी काकी: काढ की. कोण नको म्हणतो?

योगिनी: पण माझं काढलं, तर त्या घरात कुणीच उरत नाही.

जनी काकी: म्हणून तर सांगितला होता.

योगिनी: (यादीतल्या आपल्या नावावरचं पेन उचलते.)

जनी काकी: जा, बोलवतायत तुला. पदर नीट कर.

योगिनी: काकी, पालखी आपल्या दारात साधारण कधी येते गं?