जुन म्हणजे आळंबी नव्हे

हॅलो?… आई? मी शुएमेई… अगं कामावरच आहे, गुलाबाच्या जुड्या बांधतेय. तू कुजबुजतेस का?… पाहुणे आलेत? कोण?… बरं, मग सांग. आधी माझं ऐक.

डॉक्टर त्वानबाईंचा फोन होता. श्याओमानच्या रक्तात व्हिटॅमिन डी अगदी तळाला गेलंय… कोंबडीच्या रश्शातून नाही मिळत गं, उन्हातून मिळतं. फुकट. शिवाय थेंब द्यायला सांगितलेत… आणि तू पोरीला पडदे ओढून कोंडून ठेवलीयस… हो, अंगावरच्या गांध्यांना आपल्याकडे वाऱ्याच्या गाठी म्हणतात, माहितीये, मी पण त्याच गावची. नाव पडलं म्हणून काय वाऱ्यानंच उठतात?… बरं, बरं. भांडायला नाही केला फोन. वर्ष होत आलं, पोर रोज खाजवतेय, म्हणून जीव तुटतो… आज उठल्यात का गांध्या?… पोटावर. आणि ओठ? सुजलेत का, नीट बघून सांग… नाही ना? हुश्श.

अजून एक. पोटातले चांगले जुन कमी पडलेत, म्हणाल्या… तुला सांगितलं होतं? मागच्या खेपेला?… मग कसली सोय केलीस?… आई. थांब. डोंगरावर कशाला गेलीस?

अगं, जुन म्हणजे आळंबी नव्हे गं… हो, आपण आळंबीलाच जुन म्हणतो. डॉक्टर पोटातल्या जंतूंना म्हणतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक… टोपलीत कसे येतील ते?

हसू नकोस. कुठली आणलीस?… कापली की निळी पडते ती?

पोरीनं खाल्ली?… लसूण काळा पडला नाही, ते राहू दे बाजूला. हो की नाही, एवढंच सांग… कढई आत्ता चुलीवर आहे? आधी कढई खाली उतरव. फोन हातात धरूनच जा… अजून चरचर ऐकू येतेय मला… हां. आता बंद झाली.

तिच्या तोंडात तुकडासुद्धा गेला नाही? माझी शपथ?… काल रात्री पण केली होतीस? मग ती कोणी खाल्ली?… तू एकटीनंच?… का?

आधी स्वतः खाऊन बघितलीस… पोरीला बाधू नये म्हणून.

अगं आई, मला विचारायचं तरी… नाही, रागावले नाही. रडत पण नाहीये. गोदामात गारठा फार आहे, नाक गळतं.

तुला बरं वाटतंय ना? उलटी, पोटात दुखणं?… मग ठीक. आता ती टोपली… काय?… कोण दचकेल?… आई, ते पाहुणे कुठे बसलेत?… खिडकीत?… केवढे आहेत?

बोटाएवढे.

घाबरू नकोस. आळंबी बाधली की दिसतात तशी माणसं. आजोबांना नव्हती दिसली?… नाचू दे. त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठू नकोस, चुलीजवळ जाऊच नकोस. खाली बस. आणि फोन श्याओमानला दे… दे ना गं, दे.

राणी? मी आई… खाजतंय? दम धर हं थोडा… नाही गं, आजी वेडी नाही झाली. आजारी आहे. कढईतलं काही खायचं नाही, बोटसुद्धा चाटायचं नाही… शहाणी माझी. आता टोपली घे, आजीचा हात धर, अंगणात जाऊन शेजारच्या फूकाकांना हाक मार. त्यांच्या गाडीतून दोघींनी दवाखान्यात जायचं. टोपली डॉक्टरांना दाखवायची… काय म्हणते? वारं लागेल?… ओढू नकोस तिला. विचार, छोटी माणसं कुठे गेली… बाहेर? मग तिला म्हण, चल, आपण पण त्यांच्या मागं जाऊ… आली? हळू, उंबरठा आहे.

दार उघडलंस?… डोळे दिपणारच गं, किती दिवसांनी बाहेर पडलीस. मार हाक. अजून जोरात… ऐकलं काकांनी? गाडी काढतायत?… बरं झालं. मी मिळेल त्या बसनं निघते.

आता काय म्हणते आजी?… सगळी तुझ्याभोवती उन्हात बसलीत?… मग तू पण बस त्यांच्यात. गाडी येईपर्यंत. आजीचा हात नको सोडूस हं, मी… हॅलो?… श्याओमान?… हॅलो?