शेवटच्या पट्टीतला स्क्रू

माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे पाहुणे, या सभागृहातले माझे सहकारी, समोर बसलेली माझी बायको, बारा वर्षं माझ्या हाताखाली काम करणारी माझी पुतणी आणि मागे दाराशी उभी असलेली मंडळी, सर्वांना नमस्कार. आवाज मागेपर्यंत येतोय ना? मला त्यातलं नीट कळत नाही. का कळत नाही, तेच सांगायला उभा आहे.

आत्ता अध्यक्षबाई म्हणाल्या, ज्या कानांनी इथला पियानो चौतीस वर्षं सुरात ठेवला, त्या कानांचा हा गौरव. मानपत्र घेताना मला घाम फुटला. माझं शिक्षण सातवीपर्यंत, बोलायची सवय नाही. पण हे मानपत्र असंच घरी नेलं तर मला झोप लागायची नाही.

तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी दुपारी इथे जॅझ झालं, आठवतंय? अगदी नव्या वळणाचं, असं पत्रकात छापलं होतं. सॅक्सोफोनवाला वाद्यात नुसते श्वास सोडत होता. ड्रमवाला झांजेवर व्हायोलिनचा गज ओढत होता. दहा मिनिटांनी आपले दारावरचे तिकीटवाले माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सुरू झालंय, की अजून जुळवताहेत?"

मी काय सांगणार? सकाळी मीच जुळवून दिलेला पियानो डब्यात खिळे भरून हलवावा तसा वाजत होता. वाजवणाऱ्या बाई मात्र डोळे मिटून शांत. माझं डोकं चालेना. वाद्य बिघडलं? बाई चुकताहेत? की मीच बिघडलोय?

मध्यंतरात पियानोपाशी गेलो. मंद उजेडात पाहिलं, तर तारांमध्ये स्क्रू, रबराचे तुकडे, एक चमचासुद्धा! कुणीतरी खोडसाळपणा केला, असंच वाटलं. माझी पद्धत अशी, की डोळ्यांवर विसंबायचं नाही. एकेक पट्टी दाबायची आणि कानाला खटकेल तिथेच हात घालायचा. तशा अठ्ठ्याऐंशी पट्ट्या तपासल्या, सगळा कचरा काढून रुमालात बांधला आणि पडद्याआड येऊन उभा राहिलो. मनात म्हटलं, वाचवलं बाईंना.

उत्तरार्धात बाईंनी पहिली पट्टी दाबली आणि हात उचलले. सूर स्वच्छ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रुमालाकडे. त्यांचा चेहरा बघून मला कळलं, की ते सगळं त्यांनीच मुद्दाम लावलं होतं. नंतर समजलं, मी जेवायला गेलो तेव्हा वेगळे आवाज निघावेत म्हणून दोन तास खपून लावलं होतं.

मग बाई पट्ट्या चाचपत वर वर गेल्या आणि अगदी शेवटच्या पट्टीवर थांबल्या. तीच एक दाबत राहिल्या. बाकीचे दोघे आधी गप्प झाले, मग हळूहळू त्या एका सुराभोवती वाजवू लागले. सगळं सभागृह खुर्चीच्या कडेवर येऊन ऐकत होतं. मला मात्र नुसता लाकडाचा ठोका. शेजारी उभ्या पुतणीला मी विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, "काका, तिथे एक स्क्रू राहिलाय. कसला वाजतोय, ऐका ना."

राहिला, कारण तिथे मला काही खटकलंच नाही. दोन वर्षं वरच्या टोकाला मला सूर ऐकू येत नव्हता, नुसतं लाकूडच ऐकू येत होतं, आणि ते मी घरातसुद्धा बोललो नव्हतो. मी पुतणीला म्हटलं, म्हणजे दोन वर्षं वरचे सूर बेसूरच होते? पुतणी खाली बघत म्हणाली, "नव्हते. तुम्ही चहाला गेलात, की मी जुळवायचे."

कार्यक्रमानंतर रुमाल घेऊन बाईंपुढे उभा राहिलो. नोकरी गेलीच, असं धरून. त्यांनी एवढंच विचारलं, "एकच का ठेवलात?"

"ऐकू आला नाही," मी म्हणालो.

त्यांनी रुमाल माझ्या हातातून घेतला. मग म्हणाल्या, "मला तेवढा पुरला."

ते संगीत मला आवडलं का? अजून सांगता येत नाही. वर्तमानपत्रात उत्तरार्धाच्या धाडसी साधेपणाची स्तुती आली, ती वाचून तर आणखीच गोंधळलो. पण काहीतरी झालंय खरं. घरात झाकण पडून गरगरत राहिलं, की बायको उचलायला धावते. मी म्हणतो, थांब गं, त्याचं पुरतं होऊ दे. ती म्हणते, डॉक्टरांना दाखवा. तेही दाखवून झालं. सारखं एवढंच मनात येतं, की त्या बाई एका उरलेल्या सुरावर पाऊण तास निर्धास्त बसल्या, आणि मी सगळा पियानो हाताशी असून दोन वर्षं भीत होतो. माझ्या राजीनाम्यात वयाचं कारण लिहिलंय. ते खरं नाही. खरं कारण हे.

अध्यक्षबाई, माझ्या जागी बाहेरचा माणूस आणायचं चाललंय, असं कळलं. लहान तोंडी मोठा घास घेतो. इथला पियानो आज पुतणीने एकटीने जुळवलाय. फक्त शेवटच्या पट्टीत मी तो स्क्रू पुन्हा बसवलाय. आता मी खालून वर एकेक पट्टी दाबत जाणार आहे. खटकलं, की हात वर करा. शेवटच्या पट्टीआधी एकही हात वर झाला नाही, तर ही जागा कुणाची, ते मी सांगायला नको.

इतकी वर्षं आपण सांभाळून घेतलंत, फार आभारी आहे. बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर पोटात घाला. वाजवण्यातलं मात्र घालू नका.

शेवटची पट्टी मला ऐकू यायची नाही. तुमचे हात दिसले, की वाजली असं समजेन.