केरबाकाकांची म्हैस आणि उमरभाईची झोप

नाव: सना शमशुद्दीन शिकलगार, वय २३ वर्षे, शिक्षण बी. ए., व्यवसाय: शिकवणी घेणे, रा. शिवाजी पेठ, कोल्हापूर.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

पहिला हात कोणी उचलला, या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. मी दोघांच्या मध्ये उभी होते. दोन्हीकडून हात आले तेव्हा मी मान खाली घातली. वर पाहिले तेव्हा माझा चुलतभाऊ उमर याचा ओठ फुटला होता आणि शेजारच्या राजवीरची बाही फाटली होती.

राजवीरचे वडील केरबाकाका दुधाचा धंदा करतात. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवण्याचा खेळ असतो, त्यात त्यांची म्हैस राजवीरच्या मोटारसायकलमागे पळते. त्या सरावासाठी राजवीर रोज सकाळी सायलेन्सर काढलेली गाडी गल्लीतच चालू करतो. उमरभाई फौंड्रीतून रात्रपाळी करून येतो आणि त्याच वेळी झोपतो; आवाज झाला की खिडकी उघडून ओरडतो. भांडण एवढेच आहे. तक्रार देणारा इसम आमच्या गल्लीतला नाही. बाहेरच्यांनी या भांडणाला दुसरे नाव दिले आहे. ते नाव माझ्या तोंडचे म्हणून लिहू नये.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. नंतर मी मध्यस्थीचे प्रशिक्षणही घेतले. त्यामुळे "शिकलीयास न्हवं, मिटीव की," असे गल्लीने मला सांगितले. काल सकाळी मी दोघांना आमच्याच घरी बसवले. ते घर उमरभाईच्या बाजूचे, ही माझी चूक. केरबाकाका दारातच म्हणाले, "पंचाच्या घरातच पंचायत व्हय?" मी ते हसण्यावारी नेले. पुढे वरीलप्रमाणे मारामारी झाली.

संध्याकाळी मी दोघांना व केरबाकाकांना तालमीच्या पायरीवर बोलावले. उमरभाई व राजवीर त्याच तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतात. आधी प्रत्येकाशी वेगळे बोलले. गाडी बंद करणार का, असे न विचारता गाडीचा आवाज कशाला लागतो आणि झोप मोडली तर काय होते, असे विचारले.

केरबाकाका म्हणाले, "आवाजाबिगर ती राजवीरच्या मागं पळत न्हाय, पोरी. सराव मोडला आन् पाडव्याला गर्दीत बुजली, तर कुणाला तुडवंल?"

उमरभाई म्हणाला, "मला पाडव्याचं काय न्हाय. भट्टीपुढं डुलकी लागली तर मी घरी येणार न्हाय."

मग सगळ्यांना समोरासमोर बसवून हेच पुन्हा बोलायला लावले. राजवीर बराच वेळ उमरभाईच्या ओठाकडे बघत होता. गाडी बंद ठेवून गल्लीबाहेरच्या मैदानापर्यंत ढकलत न्यायची आणि तिथे चालू करायची, हे दोन्ही बाजूंनी मान्य केले. पण म्हशीला तिथवर नेणार कोण, यावर पुन्हा अडले. केरबाकाका त्या वेळी दूध घालायला गेलेले असतात.

उमरभाई म्हणाला, "मी काय गवळी हाय?"

मी म्हणाले, "मी नेते."

"शिंगं बघितलीस का तिची?" केरबाकाकांनी विचारले.

"बघितली," मी म्हणाले. लहानपणापासून मला म्हशीची भीती वाटते. हे मी तिथे सांगितले नाही.

उमर व राजवीर यांना एकमेकांविरुद्ध तक्रार द्यायची नाही. दोघे बाहेर बाकावर बसले आहेत, त्यांना विचारावे.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. सही करण्यापूर्वी खालील मजकूर वाढवून घेतला.

आज सकाळी मी म्हशीचे दावे हातात धरून तिला मैदानापर्यंत नेले. राजवीर मागून गाडी ढकलत होता. उमरभाईची खिडकी उघडली नाही.