रॉयस अडखळला की

हॅलो?… हां केल्सी, मीच, टेट. ऐक, तू आधी नुसतं ऐक… हो, जिंकलो! कधी नव्हे ते हॅगनच्या टीमला हरवलं, आणि तेही अमेरिकन फुटबॉलमध्ये… नाही गं, पार्टी कसली. अगं ऐक ना!

ते समोरच्या टीमचं पोरगं, रॉयस… हो, तोच, बोलताना अडखळतो तो. त्यांच्या कोचचा, हॅगनचाच मुलगा. चेंडू फेकायचं काम त्याचं. आधी 'हट!' म्हणून ओरडणार, मग चेंडू त्याच्या हातात… हो, आणि चेंडू हलेपर्यंत आमच्या पोरांनी जागेवरून हलायचं नाही. तर मी काय पाहिलं, चेंडू घेऊन पळायचा डाव असला की त्याचं 'हट' खणखणीत. आणि लांब फेकायचा असला की… ह-ह-ह. अडकलाच! घाबरतो गं, दहा वर्षांचं पोर ते.

हो… हो, सांगितलं मी. मध्यंतरात. डिफेन्सचा कोच मीच ना! म्हटलं, पोरांनो, तो अडखळला की फेकणार, तुटून पडा… मग काय, दर वेळी आडवा! मी कडेला उभा राहून नाचतोय. आमच्या मुख्य कोचने, म्हाताऱ्या ड्वोरॅकने पाठ थोपटली, 'शाब्बास टेट!'

थांब, आता पुढचं. मॅच संपली, सगळे हात मिळवायच्या रांगेत. आणि आमच्या टीमचा ईस्टन, अगं, रॉयसचा हात धरून म्हणतो, 'छ-छ-छान खेळलास.' मागचाही तेच. त्याच्या मागचाही… अख्खी रांग, केल्सी!… नाही ओरडलो. कुठल्या तोंडाने ओरडू? त्यांचे कान तिकडे लावले कोणी?

शेवटी मी. त्याने हात पुढे केला. 'अ-अ-अभिनंदन, को…' आणि मी… पुरतं बोलूच दिलं नाही गं त्याला. हेल्मेटवर थाप मारली आणि सटकलो… हो. माहितीय. घाल शिव्या.

नाही, संपलं कुठे? शनिवारी परत ह्यांच्याशीच. करंडकासाठी! ड्वोरॅक म्हणतो, तीच युक्ती… सांगेन गं पोरांना, नका वापरू. पण एकदा कळलेलं विसरतील थोडीच?

म्हणून इथे आलोय… हॅगनच्या घरासमोर. गाडीतच. एवढंच सांगायचंय, रॉयसला ओरडायला लावू नका, टाळी वाजवून इशारा द्या… हो चालतं, नियमात बसतं… हो, मग आम्ही हरणार. ईस्टन तर करंडकासाठी घरातला कप्पा रिकामा करून बसलाय… गद्दारच म्हणतील, दुसरं काय!

थांब, थांब. दार उघडलं… अगं, रॉयस! कचऱ्याचा डबा ओढत येतोय. इकडेच बघतोय… ओळखलं वाटतं… हात केला गं त्याने! काहीतरी बोलतोय, काच वर आहे, ऐकू येत नाही… अडकलाय… थांबलाय तसाच…

केल्सी, पटकन सांग ना. तू असतीस तर काय केलं असतंस?… हॅलो?