लाटा तेवढ्या बंद करू नका

दादा, हे असं मुंगीच्या पावलांनीच चालणार का? नाही, तुमचं चालू दे, मी मध्ये मध्ये करत नाही — पण ती निळी पट्टी बघून बघून डोळे शिणले हो माझे. एक गाणं घेतं, चघळत बसतं, मग दुसरं. आणि गाणी काय थोडीथोडकी आहेत? यांनी आयुष्यभर जमवलेली. जुन्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांची तपासणी झालेली होती — कुठल्या गाण्याचा ताल किती, पट्टी कुठली, आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो. तो बंद पडला, हा नवीन घेतला, गाणी आली पण तपासणी काही आली नाही. म्हणजे बघा, घरभर पाहुणे आणि कुणाची कुणाशी ओळखच नाही. आता हे पुन्हा पहिल्यापासून एकेकाला विचारतंय, तू कोण, तू कोण. आणि लग्नात गाणी लावायची उद्या संध्याकाळी, म्हणून तर तुम्हाला दुकानातून बोलावलं!

काय? माईक? हा घ्या. नीट चालतो का बघायचं? बघा बघा, मध्ये मध्ये यांना चार शब्द बोलावे लागतात ना, वधूवर आले, जेवणाला चला. यात बोललेलं रेकॉर्ड होऊन त्या गाण्यांच्या फोल्डरमध्येच जाऊन पडतं, जुन्यातही तसंच व्हायचं. मी बोलू? मी कशाला — बरं. हॅलो. हॅलो, हॅलो. झालं? हा लाल दिवा असाच राहू दे? राहू दे तर राहू दे, तुम्हालाच ठाऊक. जपून बसा, ती खुर्ची डुगडुगते.

हे आत आहेत, वायरी गुंडाळतायत. लग्नाचं काम नेहमीचंच, त्याचं काय एवढं, असं तुम्हाला वाटत असेल. पण उद्याचं लग्न आमच्या ड्रमवाल्याच्या मुलीचं आहे. त्याने आणि यांनी एकाच बँडमध्ये सुरुवात केली — हा ड्रमवर, हे कीबोर्डवर. बँड मोडला, तेव्हा हे डीजे झाले. तो अजून वाजवतो. सगळे जुने वाजवणारे येणार उद्या, आणि त्यांचे कान म्हणजे — चमचा पडला तरी कुठल्या सुरात पडला ते सांगतील मेले. त्यांच्यापुढे एक जरी गाणं दुसऱ्यावर आपटलं ना, तरी — नाही, आपटणार नाही. कशाला आपटेल? गाणी वेळेत झाली म्हणजे झालं.

काय बंद करताय? सुरांची पट्टी शोधणं? करा, खुशाल करा, पट्टी त्यांच्या डोक्यात आहे. आवाजाची पातळी? तीही करा, हाताने करतात ते. आणि हे? पडद्यावर गाण्याचा आवाज उमटतो त्या लाटा? — नाही, लाटा नाही! काढा हात तिथून! — ओरडले मी. रागावू नका, दादा, कालपासून जीव थाऱ्यावर नाही माझा. पण लाटा तेवढ्या बंद करू नका. तेच सगळ्यात जड काम, सगळे आधी तेच बंद करतात — तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच. पण तेवढं सोडून काय वाटेल ते करा. शोभेला? हो, शोभाच म्हणा ना. आवड असते एकेकाची. नाव झाकलं तरी नुसत्या लाटा बघून गाणं ओळखतात हे. तुम्हाला खोटं वाटेल, पण ओळखतात.

मग दुसरा उपाय काय? प्रत्येक गाण्याची सुरुवातच तपासायची, पुढचं सोडून द्यायचं? लवकर होईल? किती लवकर? — थांबा, म्हणजे शेवटच्या लाटा येणारच नाहीत? छे, मग कसं चालेल! एक गाणं संपत आलं की तिथेच दुसरं आत घ्यायचं असतं, तिथेच तर बघावं लागतं त्यांना. — ऐकावं लागतं म्हणायचं होतं मला. बघावं म्हटलं का मी? ऐकावंच लागतं. गाणं कुणी बघतं का?

असे काय बघताय? दार? हो, उघडंच आहे. हळू कशाला बोलू? नाही जायचं ऐकू त्यांना. म्हणजे — कामात असले की त्यांचं लक्ष नसतं. पूर्वीपासूनच.

पूर्वीपासून नाही.

आता तोंडून निघालंच आहे तर ऐका, पण तुमच्या दुकानात जाऊन बोलू नका. हा फ्रिज आहे ना, हा घरघरतो म्हणून यांनी त्याच्या पायाखाली रबराच्या चकत्या घातल्या होत्या. रात्रीतून दोनदा उठायचे, चकती सरकली का बघायला. मी थट्टा करायचे — फ्रिजशीच लग्न करायचं होतंत. त्या चकत्या झिजून गेल्या, फ्रिज आता ट्रकसारखा वाजतो, आणि हे त्याला पाठ लावून पेपर वाचतात. मी म्हणते, भाजी कुठली करू? हो, म्हणतात. मी म्हणते, नळ दुरुस्त करणारा येणार की नाही? हो. काहीही विचारा, हो. बाहेरचे म्हणतात, काय नशीबवान बाई, नवरा कधी नाही म्हणत नाही!

मला कळलं कधी माहितीय? एका हॉलमध्ये यांच्या पुढ्यातला पडदा मध्येच काळा झाला. कॉम्प्युटर चालू, गाणं चालू, नुसता पडदा गेला. दुसऱ्या कुणी कानाने काम निभावून नेलं असतं. हे नुसते उभे राहिले. गाणं संपलं, तरी उभे. लोक शिट्ट्या मारायला लागले, तरी उभे. मग म्हणाले, वायर खराब होती. वायर मी घरी आणून बघितली, चांगली होती.

तेव्हापासून मी जाते सोबत. पिशवी धरायला येते म्हणते. समोर बसते, त्यांना दिसेन अशी, आणि तालावर मान डोलवते. ताल जुळला की डोलत राहायचं, सुटला की थांबायचं. मी थांबले की त्यांचा हात लगेच बटणावर जातो. नाही हो, ठरवलंबिरवलं काही नाही! एकदाही बोललो नाही आम्ही त्याबद्दल. त्यांना वाटतं, हिला गाणी आवडतात. आणि उद्याच्या हॉलमध्ये डीजेची जागा वर, माळ्यावर आहे. मी खाली, खांबाआड. त्यांना मी दिसणार नाही. उद्या त्यांना या लाटाच आहेत, दादा. दुसरं काही नाही.

सांगू त्यांना? कसं सांगू? ज्या माणसाचं सगळं कानावर चाललं, त्याला मी जाऊन सांगू, की तुमचे कान गेले? ते सांगत नाहीत, मी विचारत नाही. घरात माणसं दोन, आणि दोघं मिळून एकच गोष्ट लपवतोय — एकमेकांपासून! हसा तुम्ही, मला पण हसू येतं कधी कधी. हल्ली मी भांडी घासताना पुष्कळ बोलते. माझी पाठ त्यांच्याकडे, ते मागे टेबलाशी. सगळं बोलून घेते. परवा म्हटलं, मला फार भीती वाटते हो. म्हणाले, हो.

...काय, झालं? कुठे अडलं होतं घोडं? अगं बाई, बाहेरच्या डिस्कवरून त्या बारीक वायरीतून एकेक गाणं ओढत होतं होय! मग आधी सगळी आतल्या डिस्कवर घेतलीत, आणि आता एका वेळी चार-चार घेतंय? लाटांसकट? पहिल्यापासून शेवटपर्यंत? बघा बघा, निळी पट्टी कशी पळायला लागली! रात्रभर चालू ठेवते मी, हलवत नाही, झाडूसुद्धा फिरवत नाही त्या कोपऱ्यात. तुमचं भलं होवो, दादा. सकाळपर्यंत होतील ना नक्की? नाही, विश्वास आहे हो, आपलं विचारलं. होतील ना?

आले. तुम्ही काही बोलू नका. — या, या, बघा किती पळतंय! — बघितलंत, सरळ लाटांपाशी गेले. लहान मुलासारखं बोट फिरवतात त्यावरून. — चहा ठेवू का हो? — ऐकलंत ना? हो. — अहो, काय झालं? कशाकडे बघताय? माईक आहे तो, या दादांनी तपासायला लावला, मी हॅलो म्हटलं तेवढंच... दादा, तो दिवा अजून लालच आहे? तेव्हापासून?

तुम्ही निघा आता, दादा. निघा, तुम्हाला उशीर होत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गाणी तयार होती, फक्त माईकमधून आलेल्या एका फाईलपुढे ‘ताल सापडला नाही’ असं आलं होतं. नवऱ्याने ती उघडली, श्वास घ्यायलाही फारशा न थांबलेल्या त्या लाटांकडे बराच वेळ पाहिलं, मग आत जाऊन भांडी घासणाऱ्या बायकोला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं आणि म्हणाला, “ही तूच आहेस. काय बोललीस, ते आता माझ्याकडे बघून सांग.”